पॉइंटर छापायला %पी, %एक्स की यूइंटपीटीआर_टी? लिनक्स, विंडोज आणि एसटीएम३२ तिन्हीकडे एकसारखा लॉग हवाय

प्रश्न : कोंदण

शुद्ध सी मधली एक छोटी मेमरी-ट्रेस लायब्ररी आहे. मॅलॉक (मेमरीचा ब्लॉक मागणारं फंक्शन) आणि फ्री (तो परत करणारं) यांच्याभोवती आवरण घातलंय. प्रत्येक वेळी पत्ता आणि ओळ क्रमांक लॉगमध्ये जातो आणि नंतर एक स्क्रिप्ट मॅलॉकची फ्रीशी जोडी लावून कुठले ब्लॉक परत केले नाहीत ते दाखवते. तोच कोड तीन ठिकाणी चालतो: ६४ बिटी लिनक्स (जीसीसी, जीलिबसी), ६४ बिटी विंडोज (व्हिज्युअल स्टुडिओ) आणि एसटीएम३२ बोर्ड (कॉर्टेक्स-एम४, आर्मचा जीसीसी, न्यूलिब).

कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना नेहमीची अक्षरं आणि आकडे घ्यावेत. मूळ ओळ अशी होती:

प्रिंटएफ("मॅलॉक %एक्स %डी\एन", पी, ओळ);

बोर्डावर ही ओळ बरोबर चालते. लिनक्सवर मात्र डीबगरमध्ये हेक्समधला (१६ अंकांच्या पद्धतीतला) पत्ता ५५५५५५५५४३२० दिसतो आणि लॉगमध्ये नुसता ५५५५४३२०. मोठे ब्लॉक घेतले की कधीकधी दोन जिवंत ब्लॉकांचा पत्ता सारखाच छापला जातो आणि जोड्या चुकतात.

म्हणून %एलएलएक्स केलं. लिनक्स आणि विंडोज सुधारले, पण बोर्ड बिघडला. ३१२ व्या ओळीवरच्या मॅलॉकसाठी पत्ता म्हणून १३८ आला आणि ओळ क्रमांकाच्या जागी भलताच मोठा आकडा.

मग %पी करून पाहिलं. पत्ते तिन्हीकडे बरोबर, पण रूप वेगळं. जीलिबसी आधी ०एक्स लावते, पुढे शून्यं भरत नाही आणि नल (कुठेच न दाखवणारा पॉइंटर) आला की (निल) लिहिते. विंडोजवर १६ अंक, ०एक्स नाही, अक्षरं मोठ्या लिपीत. स्क्रिप्ट कोलमडली. रुंदी सारखी करायला %०१६पी लिहिलं तर जीसीसी वॉर्निंग देतो.

तीन गोष्टी नक्की कळायला हव्यात. एक, %पी ला (व्हॉइड *) असं कास्ट, म्हणजे प्रकार बदलून देणं, खरंच लागतं का? कास्ट न करताही तिन्हीकडे चालतंय. दोन, तिन्हीकडे एकच रूप कसं मिळवायचं? तीन, कॉलबॅक फंक्शनचे पत्तेही छापायचे आहेत, पण बोर्डावर ते मॅप फाइलमधल्या (लिंकरने लिहिलेल्या पत्त्यांच्या यादीतल्या) पत्त्यापेक्षा नेहमी एकने जास्त येतात. असं का?


उत्तर १ : रजिस्टरवाला

आधी बोर्डावरचे १३८ कुठून आले ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

१३८ हा तुमचा ओळ क्रमांकच आहे, ३१२ चं हेक्स रूप. आर्मच्या ३२ बिटी कॉलिंग पद्धतीत पहिली चार आर्ग्युमेंट आर० ते आर३ या रजिस्टरांत जातात. तुमच्या ओळीत फॉरमॅटची स्ट्रिंग आर० मध्ये, पॉइंटर आर१ मध्ये आणि ओळ क्रमांक आर२ मध्ये गेला. %एलएलएक्स वाचल्यावर प्रिंटएफ ६४ बिटी आकडा शोधायला निघतो. ६४ बिटी आकडा सम क्रमांकाच्या रजिस्टरपासूनच सुरू व्हावा असा तिथला नियम आहे. म्हणून तो आर१ ओलांडतो आणि आर२-आर३ ही जोडी उचलतो. आर२ मध्ये ३१२ होते, आर३ मध्ये त्या वेळी शून्य असणार, म्हणून छापले १३८. तुमचा पॉइंटर वाचलाच गेला नाही. पुढच्या %डी ला रजिस्टर उरलं नाही, तो स्टॅकवर जे सापडलं ते घेऊन आला.

हाच कोड ३२ बिटी इंटेलवर वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. तिथे आर्ग्युमेंटं स्टॅकवर एकाला लागून एक असतात, त्यामुळे %एलएलएक्स पॉइंटर आणि ओळ क्रमांक दोन्ही एकत्र गिळतो आणि "१३८" ला चिकटून आठ अंकी पत्ता छापतो.

६४ बिटी लिनक्सवर %एक्स ने वरचा अर्धा भाग का जातो? पॉइंटर ६४ बिटी रजिस्टरमध्ये पूर्ण पोचतो, पण %एक्स म्हणजे अनसाइन्ड इंट. प्रिंटएफ त्या खणातले खालचे ३२ बिटच वाचतो. ५५५५५५५५४३२० मधले ५५५५४३२० तेवढे उरतात. दोन ब्लॉक सारखे दिसण्याचं कारणही हेच आहे. जीलिबसीची मॅलॉक सुरुवातीला १२८ केबीपासून पुढचे मोठे ब्लॉक एमएमॅपने, म्हणजे थेट सिस्टिमकडे मागून, वेगळ्याच भागातून आणते. हीपमधला एखादा ब्लॉक आणि तिथला एखादा ब्लॉक यांचे खालचे ३२ बिट जुळले की तुमच्या स्क्रिप्टला ते एकच वाटतात.

आता कास्ट. प्रिंटएफच्या घोषणेतल्या तीन ठिपक्यांच्या (...) जागी जे जातं त्याचा प्रकार कंपायलरला घोषणेवरून कळत नाही. तिथे फक्त ठरावीक बढत्या होतात: चार आणि शॉर्टचा इंट होतो, फ्लोटचा डबल होतो. इंट पॉइंटरचा व्हॉइड पॉइंटर होत नाही. आणि %पी बद्दल स्टँडर्ड स्पष्ट सांगतं की आर्ग्युमेंट व्हॉइड पॉइंटरच हवं. म्हणून कास्ट तुम्हालाच करावं लागतं:

प्रिंटएफ("%पी\एन", (व्हॉइड *)पी);

तुमच्या तिन्ही मशिनांवर सगळे पॉइंटर एकाच आकाराचे आणि एकाच घडणीचे आहेत, म्हणून कास्टशिवायही निभावतं. पण स्टँडर्डची हमी एवढीच आहे की व्हॉइड पॉइंटर आणि चार पॉइंटर यांची घडण सारखी असते. इंट पॉइंटरला ती हमी नाही. डेटा जनरलच्या इक्लिप्स एमव्ही मशिनांवर शब्दाचा पॉइंटर आणि बाइटचा पॉइंटर यांची रूपं खरोखर वेगळी होती. एकाच जागेला दाखवणारे दोन पॉइंटर, पण आतले बिट वेगळे. तिथे कास्ट विसरलं तर चुकीचा पत्ता छापला जायचा.

नलच्या बाबतीत तर हे आजही अडू शकतं. "%पी" ला थेट नल देऊ नका. नल हा मॅक्रो काही ठिकाणी नुसता ० असतो, म्हणजे इंट. ६४ बिटी मशिनवर मग ३२ बिटी आकडा जातो आणि प्रिंटएफ ६४ बिट वाचतो. (व्हॉइड *)नल लिहा.

%०१६पी वरची वॉर्निंग अगदी योग्य आहे. %पी सोबत शून्य भरण्याचा झेंडा, # चा झेंडा किंवा बिंदूनंतरची अचूकता लावली तर स्टँडर्डप्रमाणे ते अनडिफाइन्ड आहे, म्हणजे काय होईल याची हमी नाही. एलएल वगैरे लांबीची अक्षरंही चालत नाहीत. चालते ती फक्त साधी रुंदी आणि डावीकडे सरकवण्याचं वजा चिन्ह, म्हणजे %२०पी किंवा %-२०पी.


उत्तर २ : मोजपट्टी

वरच्या उत्तराला पूर्ण सहमत. त्यापुढे एवढंच की %पी माणसाने वाचायला आहे. छापलेलं रूप कसं असेल ते प्रत्येक लायब्ररीने आपलं आपण ठरवायचं, असं स्टँडर्डच म्हणतं. मॅकवर नल आला की ०एक्स० दिसेल, जीलिबसीवर (निल), विंडोजवर सोळा शून्यं. तिघंही बरोबर. लॉग स्क्रिप्टने वाचायचा असेल तर रूप तुम्ही ठरवायचं, आणि त्यासाठी पॉइंटरचा पूर्णांक करावा लागतो.

तो पूर्णांक म्हणजे यूइंटपीटीआर_टी, स्टडइंट.एच मधला, सी९९ पासूनचा. अनसाइन्ड लाँग घेऊ नका. लिनक्सवर तो ६४ बिटी असतो म्हणून जमतं, पण ६४ बिटी विंडोजवर लाँग ३२ बिटीच आहे. तिथे कंपायलर सी४३११ ही पॉइंटर कापला जात असल्याची वॉर्निंग देतो आणि लोक ती दाबून टाकतात.

छापायचा फॉरमॅट इंटटाइप्स.एच मधल्या मॅक्रोतून घ्या. त्याचं नाव पीआरआयएक्सपीटीआर. मधला एक्स लहान लिपीत लिहिला तर हेक्समधली अक्षरं लहान येतात, मोठ्या लिपीत लिहिला तर मोठी. बाकीची अक्षरं मोठ्याच लिपीत. हा मॅक्रो म्हणजे नुसता स्ट्रिंगचा तुकडा आहे, टक्क्याचं चिन्ह त्यात नसतं, ते तुम्ही लिहायचं.

#डिफाइन पत्ता_रुंदी ((इंट)((साइझऑफ(यूइंटपीटीआर_टी) * चार_बिट + ३) / ४))

व्हॉइड पत्ता_छाप(फाइल *एफ, कॉन्स्ट व्होलाटाइल व्हॉइड *पी)
{
    एफप्रिंटएफ(एफ, "०एक्स%०*" पीआरआयएक्सपीटीआर, पत्ता_रुंदी, (यूइंटपीटीआर_टी)पी);
}

चार_बिट हा लिमिट्स.एच मधला मॅक्रो, एका बाइटमधले बिट. ६४ बिटी मशिनवर रुंदी १६ येते, ३२ बिटीवर ८, १६ बिटीवर ४.

यात दोन जागा आहेत जिथे हमखास घसरायला होतं.

ताऱ्याच्या जागी जाणारा आकडा इंटच हवा. साइझऑफ चा निकाल साइझ_टी असतो, ६४ बिटीवर तो ८ बाइटचा. (इंट) कास्ट गाळलं तर तुमच्या बोर्डावर जे %एलएलएक्स ने झालं त्याच जातीची चूक होते, फक्त बऱ्याच मशिनांवर दिसत नाही.

०एक्स हे अक्षरशः स्ट्रिंगमध्ये लिहा, # झेंड्यावर सोपवू नका. # लावला की शून्य आकड्याला ०एक्स लागत नाही, त्यामुळे नलची ओळ इतरांपेक्षा वेगळी दिसते. शिवाय ०एक्स ची दोन अक्षरं रुंदीत मोजली जातात, आणि मोठ्या लिपीतला एक्स घेतला तर उपसर्गातला एक्सही मोठा होतो.

फंक्शन करण्यामागे कारण आहे. फंक्शनच्या घोषणेत पॅरामीटरचा प्रकार लिहिलेला असल्याने इंट पॉइंटर, स्ट्रक्ट पॉइंटर, काहीही दिलं तरी कंपायलर स्वतः व्हॉइड पॉइंटर करून देतो. कास्ट विसरायची सोयच उरत नाही. कॉन्स्ट आणि व्होलाटाइल दोन्ही लावलेत ते मुद्दाम: बोर्डावरच्या पेरिफेरल रजिस्टरांचे पॉइंटर व्होलाटाइल असतात, ते वॉर्निंगशिवाय जातात.

आणि रुंदी ठरलेली असल्यामुळे आणखी एक काम सोपं होतं. अक्षरांच्या क्रमाने लावलेला लॉग आपोआप पत्त्यांच्या क्रमाने लागतो. %पी च्या लिनक्सवरच्या रूपात ते होत नाही, कारण अंकांची संख्या कमीजास्त असते.

यूइंटपीटीआर_टी स्टँडर्डमध्ये ऐच्छिक आहे. तुमच्या तिन्हीकडे आहे, पण लायब्ररी इतरांना द्यायची असेल तर यूइंटपीटीआर_मॅक्स हा मॅक्रो आहे का ते #इफडेफ ने तपासा आणि नसेल तर %पी वर या.

हीच हेडर सी++ मधून घेणार असाल तर अवतरण चिन्ह आणि पीआरआयएक्सपीटीआर यांच्यामध्ये एक मोकळी जागा सोडाच. सी++११ पासून अवतरणाला चिकटलेलं नाव वेगळ्याच अर्थाने वाचलं जातं आणि कंपाइल होत नाही.


प्रतिसाद : कोंदण

पत्ता_छाप घातलं. लिनक्स आणि विंडोजचे लॉग आता एकाच रूपात येतात, फक्त बोर्डावर आठ अंक, ते बरोबरच आहे. दोन शंका उरल्या. बोर्डावर जागा कमी पडतेय म्हणून न्यूलिब-नॅनोवर (न्यूलिबच्या छोट्या आवृत्तीवर) जायचंय, तिथे हे चालेल का? आणि विंडोजवर अनेक थ्रेड चालवले की लॉगमध्ये एकच पत्ता दोनदा मॅलॉक झालेला दिसतो, फ्री त्याच्यानंतर येतं. तेही छापण्यातल्या चुकीमुळे आहे का?


उत्तर ३ : मोजपट्टी

नॅनोवर पत्ते चालतील. तिथल्या प्रिंटएफमधून %एलएल, %जे, %झेड ही मंडळी वगळलेली आहेत, पण ३२ बिटी पत्त्याला त्यांची गरजच पडत नाही. ब्लॉकचा आकार छापायला %झेडयू वापरत असाल तर मात्र तो बदला: (अनसाइन्ड लाँग) कास्ट करून %एलयू. बोर्डावर ते पुरेसं आहे.

थ्रेडचा प्रश्न छापण्याचा नाही, क्रमाचा आहे. तुम्ही आधी फ्री करून मग लॉग लिहीत असणार. फ्री झाल्या क्षणी तो ब्लॉक दुसऱ्या थ्रेडला मिळू शकतो. त्या थ्रेडने मॅलॉक करून आपली ओळ लिहिली आणि तुमची फ्रीची ओळ मागून आली, की लॉग उलटा दिसतो. फ्रीची ओळ फ्री करण्याआधी लिहा, मॅलॉकची ओळ मॅलॉक झाल्यावर.

याला भाषेच्या बाजूनेही आधार आहे. फ्री केल्यावर पॉइंटरची किंमतच अनिश्चित होते असं स्टँडर्ड म्हणतं. म्हणजे त्याने दाखवलेल्या जागेला हात लावणं तर चूक आहेच, पण नुसता तो पॉइंटर प्रिंटएफला देणंही नियमात बसत नाही. जीसीसी १२ पासून याची वेगळी वॉर्निंग आहे. रिअ‍ॅलॉकला (ब्लॉकचा आकार बदलणारं फंक्शन) हे जास्त लागू पडतं, कारण तिथे जुना पत्ता नंतर छापायचा मोह होतो. आधीच पूर्णांकात उतरवून ठेवा:

यूइंटपीटीआर_टी जुना = (यूइंटपीटीआर_टी)(व्हॉइड *)पी;
व्हॉइड *नवा = रिअ‍ॅलॉक(पी, आकार);

"जुना" हा साधा आकडा आहे, तो केव्हाही छापा. त्यासाठी पत्ता_छाप चा एक भाऊ लिहा जो यूइंटपीटीआर_टी घेतो. पण रिअ‍ॅलॉकमध्येही ब्लॉक हलला तर जुना पत्ता आतल्या आतच मोकळा होतो, आणि नवा पत्ता तर काम झाल्यावरच कळतो. तेव्हा थ्रेड असतील तर रिअ‍ॅलॉक आणि त्याची ओळ दोन्ही, आणि मॅलॉक-फ्रीच्या ओळीही, एकाच कुलपाखाली घ्याव्या लागतील.

आणखी एक. आवरण मॅक्रोचं असेल तर ठीक, पण मॅलॉकच बदलून टाकली असेल तर आतून प्रिंटएफ बोलवू नका. जीलिबसीमध्ये एसटीडीआउटचा बफर पहिल्या वापराच्या वेळी मॅलॉकनेच घेतला जातो, म्हणजे तुमचं मॅलॉक तुमच्याच मॅलॉकमध्ये शिरतं. स्थानिक बफरमध्ये एसएनप्रिंटएफने ओळ तयार करून ती राइटने बाहेर टाका.


उत्तर ४ : विषम_बिट

फंक्शनच्या पत्त्यांचा प्रश्न मागे राहिला.

बोर्डावर एकने जास्त येतं ते चूक नाही. कॉर्टेक्स-एम फक्त थंब सूचना (आर्मच्या सूचनांचा आटोपशीर संच) चालवतो, आणि फंक्शन पॉइंटरचा सगळ्यात खालचा बिट १ असला की "ही थंब सूचना आहे" असा त्याचा अर्थ होतो. मॅप फाइलमध्ये फंक्शन ०८०००१३० वर असेल तर पॉइंटरमध्ये ०८०००१३१ असतं. कोड तिथे सम पत्त्यावरच असतो, त्यामुळे मॅपशी ताडून पाहताना स्क्रिप्टमध्ये तो शेवटचा बिट शून्य करा. मूळ पॉइंटरमधला मात्र काढू नका. तो काढून फंक्शन बोलावलं की प्रोसेसर सरळ फॉल्टमध्ये जातो.

एव्हीआरवर (अर्डुइनो उनोवरचा एटीमेगा३२८पी घ्या) प्रकार आणखी वेगळा आहे. तिथे फंक्शन पॉइंटरमध्ये शब्दाचा पत्ता असतो, म्हणजे दोन-दोन बाइटांचे गट मोजलेले, आणि ऑब्जडंप (कंपाइल झालेली फाइल उलगडून दाखवणारं साधन) बाइटचा पत्ता दाखवतो. छापलेल्याची दुप्पट केली की जुळतं. शिवाय रॅममधला पत्ता ०१०० छापला जातो आणि त्याच व्हेरिएबलला एनएम (फाइलमधली नावं आणि पत्ते दाखवणारं साधन) ८००१०० दाखवतो. रॅम आणि फ्लॅश दोन्हींचे पत्ते शून्यापासून मोजले जातात, म्हणून जीसीसीच्या साधनांनी रॅमचे पत्ते ८००००० ने पुढे ढकलून वेगळे ठेवलेत.

आता भाषेचा नियम. फंक्शन पॉइंटरचं व्हॉइड पॉइंटरमध्ये रूपांतर स्टँडर्ड सी मध्ये दिलेलंच नाही. -पेडँटिक लावलं की जीसीसी तसं सांगतो. पॉझिक्सवर (युनिक्ससारख्या सिस्टिमांचं स्टँडर्ड) ते चालावंच लागतं, कारण डीएलसिम (लायब्ररीतलं नाव शोधून पत्ता देणारं) फंक्शनचा पत्ताही व्हॉइड पॉइंटर म्हणूनच परत देतं. विंडोजवर आणि तुमच्या बोर्डावरही चालतं. म्हणजे तुमच्या तिन्ही ठिकाणी (व्हॉइड *)फंक्शन लिहिलंत तर छापलं जाईल. पण ज्या मशिनवर कोडचा पत्ता आणि डेटाचा पत्ता वेगळ्या आकाराचे आहेत तिथे ते कापलं जाईल.

कुठेही चालेल असा मार्ग एकच, त्या पॉइंटरचे बाइट छापायचे:

अनसाइन्ड चार बी[साइझऑफ एफपी];
मेमसीपीवाय(बी, &एफपी, साइझऑफ एफपी);
फॉर (साइझ_टी आय = साइझऑफ बी; आय-- > ०; )
    एफप्रिंटएफ(एफ, "%०२एक्स", (अनसाइन्ड)बी[आय]);

उलटा फेरा घातलाय कारण तुमची तिन्ही मशिनं लिटल एंडियन आहेत: सगळ्यात कमी वजनाचा बाइट आधी. सरळ फेरा घातला तर ०८०००१३१ ऐवजी ३१०१०००८ दिसेल. बिग एंडियनवर सरळच लागतो. हे पोर्टेबल आहे ते "कुठेही छापलं जाईल" एवढ्याच अर्थाने. छापलेल्या बाइटांचा अर्थ मशिननुसारच लावावा लागतो.


प्रश्न : पहिली_पायरी

मध्येच विचारतेय. आमच्या कॉलेजच्या नोट्समध्ये सगळीकडे प्रिंटएफ("%यू", &आय) असं आहे आणि उत्तर ६५५२४ दिलंय. जीसीसीवर तेच केलं तर दर वेळी नवा दहा अंकी आकडा येतो. नोट्स चुकीच्या आहेत का?


उत्तर ५ : रजिस्टरवाला

त्या नोट्स टर्बो सी च्या आहेत. तिथे इंट १६ बिटांचा, आणि स्मॉल मॉडेलमध्ये पॉइंटरही १६ बिटांचा, म्हणून %यू नेमका बसायचा. डेटा आणि स्टॅक मिळून ६४ केबीचा एकच सेगमेंट, स्टॅक त्याच्या वरच्या टोकापासून खाली वाढत येतो, म्हणून स्थानिक व्हेरिएबलचे पत्ते ६५५०० च्या आसपास दिसायचे. तो आकडा पाठ करण्यात अर्थ नाही, पण तो कुठून आला हे समजलं तर स्टॅक समजला.

त्याच टर्बो सी मध्ये लार्ज मॉडेल निवडलं की %यू तिथेही बिघडतो. पॉइंटर आता चार बाइटांचा, सेगमेंट आणि ऑफसेट. %यू दोनच बाइट उचलतो, म्हणजे नुसता ऑफसेट, आणि उरलेला सेगमेंट पुढच्या %डी च्या वाट्याला येतो. वर बोर्डावर झालेल्या घोटाळ्याचाच हा जुना अवतार. %पी लिहिलं तर टर्बो सी मॉडेल बघून नीट छापतं: स्मॉलमध्ये चार अंक, लार्जमध्ये चार अंक, विसर्गासारखं चिन्ह, चार अंक. मात्र ते दोन आकडे वेगळे दिसले म्हणून जागा वेगळी असं नाही. सेगमेंटची हेक्समध्ये सोळापट अधिक ऑफसेट म्हणजे खरा पत्ता, म्हणून १०००:००१० आणि १००१:०००० ही एकच जागा आहे.

आज लिहायचं ते प्रिंटएफ("%पी\एन", (व्हॉइड *)&आय). आणि -डब्ल्यूऑल लावून कंपाइल करायची सवय ठेवा, %यू ला पॉइंटर दिला की जीसीसी तिथेच सांगतो. इंट पॉइंटर कास्टशिवाय %पी ला दिला तर मात्र -डब्ल्यूऑल गप्प बसतं. ते पकडायला -पेडँटिकही लावा.

दर वेळी नवा आकडा येतो त्याचं कारण वेगळं. लिनक्स प्रत्येक वेळी स्टॅक, हीप आणि लायब्ररी यांना मेमरीत वेगवेगळ्या ठिकाणी बसवतं, बाहेरच्याला पत्त्यांचा अंदाज बांधता येऊ नये म्हणून. सरावापुरतं ते बंद करायचं असेल तर सेटआर्च -आर या आज्ञेमागे आपला प्रोग्राम चालवा. जीडीबी तर आपण होऊनच ते बंद ठेवतो.


उत्तर ६ : विषम_बिट

वरचा शेवटचा मुद्दा कोंदण यांनाही लागू आहे. दोन वेळच्या लॉगमधले पत्ते एकमेकांशी ताडून काही मिळणार नाही. फंक्शनचे पत्ते ताडायचे असतील तर लॉगच्या पहिल्या ओळीत एका ठरलेल्या फंक्शनचा, समजा मेनचा, पत्ता छापा. स्क्रिप्टमध्ये बाकीचे पत्ते त्याच्यापासून किती लांब आहेत ते काढा आणि एनएमने दाखवलेल्या मेनच्या पत्त्यात मिळवा. ही वजाबाकी स्क्रिप्टमध्ये आकड्यांवरच करा, सी मध्ये दोन पॉइंटरांची करू नका. एकाच अ‍ॅरेच्या आतले पॉइंटर असतील तरच ती वजाबाकी नियमात बसते, आणि तेव्हा निकाल %टीडी ने छापायचा.

हा लॉग ग्राहकाच्या मशिनवरून ईमेलने येणार असेल तर त्यातले खरे पत्ते बाहेर जातायत हेही लक्षात घ्या. चालू प्रोग्राममधल्या लायब्ररीतल्या एका फंक्शनचा पत्ता कळला की त्या लायब्ररीतली बाकी सगळी फंक्शनं कुठे आहेत ते काढता येतं. लिनक्सच्या कर्नलने याच कारणाने ४.१५ आवृत्तीपासून आपल्या प्रिंटके मधल्या %पी चा अर्थच बदलला. तिथे आता पत्त्याऐवजी त्याचा हॅश (त्यावरून काढलेला, पण उलट मूळ पत्ता सांगू न देणारा आकडा) छापला जातो आणि खरा पत्ता हवाच असेल तर %पीएक्स लिहावं लागतं. एका बूटपुरता एका पत्त्याचा हॅश तोच राहतो, त्यामुळे मॅलॉक-फ्रीच्या जोड्या लावण्यासारखं काम हॅशवरही होतं. तुमच्या लायब्ररीतही पत्ता_छाप हे एकच फंक्शन असल्यामुळे असा बदल एका जागी करता येईल. हॅशला लागणारा गुप्त आकडा मात्र प्रोग्राम सुरू होताना सिस्टिमकडून घ्या, कोडमध्ये लिहून ठेवू नका.